मोटारीचा हात

बैलगाडीचे चाक एकच काम करते. ते आखाभोवती फिरते. चाक खड्ड्यात गेले की सारी गाडी खड्ड्यात जाते. आत बसलेल्या माणसाची कंबर त्याची साक्ष देते.

मोटारीच्या पुढच्या चाकाला तीन कामे करावी लागतात. ते फिरते, हे एक. खड्डा आला की ते वरखाली होते, हे दुसरे. स्टिअरिंग फिरवले की ते डावीकडे-उजवीकडे वळते, हे तिसरे. ही तिन्ही कामे एकाच वेळी चालतात. आणि एवढे सगळे करताना चाकाने आपली जागा मात्र सोडायची नसते.

मग चाकाला जागेवर कोण धरून ठेवते? एक लोखंडी हात धरून ठेवतो. गॅरेजात त्याला ‘लोअर आर्म’ म्हणतात. लोअर म्हणजे खालचा. आर्म म्हणजे हात. चाकाचा खालचा हात.

हा हात गाडीच्या पोटाखाली असतो. त्याला चिखल लागतो, पाणी लागते, दगड लागतो. तो कोणाला दिसत नाही. म्हणून त्याची आठवणही कोणाला होत नाही. पण हाच हात निखळला तर चाक बाहेर फाकते, गाडी त्या बाजूला बसते आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. भर वेगात असे झाले तर काय होईल, ते सांगायला नको.

आता खेडोपाडी जुन्या मोटारी पुष्कळ आल्या आहेत. कोणी भाजी नेतो, कोणी दूध नेतो. रात्री-अपरात्री घरच्या बाईला बाळंतपणासाठी तालुक्याला न्यायचे तर तीच गाडी बाहेर निघते. काही लोक गाडीचे बारीकसारीक काम घरीच करतात. काम घरी करणे वाईट नाही. पण ते कळून करावे. म्हणून या पाठात हा हात कसा असतो, तो झिजला हे कसे ओळखावे आणि तो कसा बदलावा, हे आपण पाहू.

उदाहरणासाठी मारुती ८०० ही गाडी घेऊ. ही गाडी १९८३ सालच्या डिसेंबरात पहिल्यांदा लोकांच्या हातात आली. २०१४ सालच्या जानेवारीत ती बनवणे बंद झाले. तीस वर्षे ती बनत होती. त्यामुळे तिची रचना जुन्या फिटर लोकांना तोंडपाठ आहे.

हा हात कसा असतो

आपल्या शरीराकडे पाहा. मांडीच्या हाडाचे वरचे टोक गोल असते. ते कमरेच्या हाडाच्या वाटीत बसते. त्याला आपण खुबा म्हणतो. खुब्यामुळे पाय पुढे, मागे, बाजूला, हवा तसा हलतो. आणि तरी तो निखळत नाही.

मोटारीच्या हातालाही बाहेरच्या टोकाला असाच खुबा असतो. त्याला ‘बॉल जॉइंट’ म्हणतात. लोखंडी वाटीत लोखंडी गोळा बसवलेला असतो. आत ग्रीस असते. वर रबराची टोपी असते. गोळ्याला एक दांडी असते. ती दांडी चाकामागच्या ओतीव लोखंडी तुकड्यात बसते. त्या तुकड्याला फिटर ‘नकल’ म्हणतात. चाक या नकलावरच बसवलेले असते.

हाताचे आतले टोक गाडीच्या बॉडीला बोल्टने जोडलेले असते. तिथे लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मधे जाड रबर घातलेले असते. त्याला ‘बुश’ म्हणतात. आपल्या दोन हाडांमध्ये कूर्चा असते ना? बुशचे काम तसेच. तो धक्का गिळतो आणि हाताला वरखाली हलू देतो.

मारुती ८०० मध्ये आणखी एक लोखंडी दांडा असतो. तो एका चाकाच्या हातापासून दुसऱ्या चाकाच्या हातापर्यंत गेलेला असतो. त्याला ‘स्टॅबिलायझर बार’ म्हणतात. तो दोन कामे करतो. वळणावर गाडीला फार कलू देत नाही. आणि लोखंडी हाताला पुढे-मागे सरकू देत नाही. त्याचे टोक हातातल्या भोकातून जाते. तिथेही रबरी बुश असतात. टोकावर नट असतो. नट सुटू नये म्हणून त्यात दुपाखी खिळा घातलेला असतो. त्याला ‘स्प्लिट पिन’ म्हणतात.

म्हणजे एका हाताचे तीन सांधे झाले. बॉडीकडचा, चाकाकडचा आणि बारचा. हे तीन ध्यानात ठेवा. पुढचे सारे काम या तीन सांध्यांचेच आहे.

झिजला हे कसे ओळखावे?

सांधा दुखू लागला की माणूस बोलतो. गाडीही बोलते. तिची भाषा कळली पाहिजे.

गाडी खड्ड्यातून सावकाश जाताना पुढून ‘खट्‌खट्’ असा आवाज येतो. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखे सांभाळावे लागते. पुढचा टायर एकाच कडेला झिजतो. यांतले एखादे लक्षण दिसले तर हात तपासावा. पण लक्षण दिसले म्हणजे हातच झिजला, असे नव्हे. ताप आला म्हणजे हिवतापच, असे आपण म्हणतो का? तपासून पाहतो. तसेच इथेही.

आधी गाडी नीट उचलून टेकवा. ती कशी टेकवायची, ते पुढे सांगितले आहेच. मग चाकाला वर एक हात आणि खाली एक हात लावा. चाक आत-बाहेर हलवून पाहा. खट्‌खट् असे हलले तर कुठेतरी सांधा ढिला आहे. आता दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुन्हा हलवा. हलणे थांबले, तर दोष बहुधा चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे. ब्रेक दाबूनही हलत राहिले, तर बॉल जॉइंट संशयाचा. त्या वेळी कोणीतरी बॉल जॉइंटकडे डोळा लावून बसावे. हलताना दिसला, की शंका मिटली.

मग हात चाकाच्या डाव्या-उजव्या कडेला लावून हलवा. तसे हलले तर स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा झिजलेला असू शकतो. तो वेगळा रोग आहे. त्याला औषधही वेगळे.

रबरी टोपी फाटली आहे का, पाहा. टोपी फाटली की ग्रीस बाहेर येते आणि धूळ-पाणी आत जाते. मग गोळा आणि वाटी एकमेकांना खातात. शेवटी बुशकडे पाहा. रबराला भेगा पडल्या असतील, किंवा रबर लोखंडापासून सुटले असेल, तर बुश गेला.

मारुती ८०० चा बॉल जॉइंट हातातच पक्का बसवलेला येतो. म्हणून तो झिजला की सबंध हातच बदलतात. एका बाजूचा झिजला असेल तर दुसऱ्या बाजूचाही तपासावा. दोघे एकाच रस्त्याने चाललेले असतात.

कोणत्या गाडीला हात लावू नये?

इथे एक मोठा इशारा आहे. तो दोनदा वाचा.

मारुती ८०० ची स्प्रिंग शॉकअपच्या नळीवर बसवलेली असते. ती वर आणि खाली, दोन्हीकडून वाट्यांमध्ये अडकवलेली असते. त्यामुळे खालचा हात काढला तरी स्प्रिंग उडत नाही. अशा रचनेला ‘मॅक्फर्सन स्ट्रट’ म्हणतात. मॅक्फर्सन हा एक अमेरिकन इंजिनियर होता. त्याच्या नावावरून हे नाव पडले. आजच्या पुष्कळ लहान गाड्या याच रचनेच्या आहेत.

पण सगळ्या गाड्या अशा नसतात. काही गाड्यांत स्प्रिंग थेट हातावरच दाबून बसवलेली असते. अशा गाडीचा हात सोडला की दाबलेली स्प्रिंग सुटते. ती बंदुकीच्या गोळीसारखी उडते. माणसाचा जीव घेऊ शकते. जुन्या अँबॅसडर गाडीत गुंडाळलेल्या स्प्रिंगऐवजी पिळलेली लोखंडी सळई असते. तिचा पीळही हातावरच येतो. तो पीळ काढल्याशिवाय हात सोडणे म्हणजे संकटाला बोलावणे.

म्हणून आपल्या गाडीत स्प्रिंग कुठे बसली आहे, हे आधी पाहा. ती हातावर बसलेली असेल, किंवा तुम्हांला नक्की कळत नसेल, तर काम फिटरकडे द्या. यात कमीपणा नाही.

आधी गाडी टेकवा, मग खाली जा

आमच्या गावात एक तरुण शेतकरी आहे. त्याच्याकडे जुनी मारुती ८०० आहे. तो एकदा अंगणात गाडी उचलून हात बदलायला निघाला. जॅकने गाडी उचलली. खाली सिमेंटच्या विटा रचल्या. आणि तो गाडीखाली सरकणार, इतक्यात शेजारचे तात्या आले. तात्यांनी एस.टी.च्या कारखान्यात जन्म घालवला आहे.

“बाहेर ये आधी,” तात्या म्हणाले.

“तात्या, अहो, विटा लावल्यात की! चांगल्या मजबूत हायेत.”

“व्हय? मजबूत हायेत? एक वीट दे बघू इकडं.”

तात्यांनी वीट जमिनीवर ठेवली. तिच्या कडेवर पहारीचे टोक टेकवले आणि वरून हातोडीचा एकच टोला दिला. विटेचे तीन तुकडे झाले.

“बघितलंस? भिंतीत वीट चांगली. तिथं भार सगळीकडून सारखा येतो. गाडीचा भार टोकावर येतो. लाकूड मोडायच्या आधी कुरकुरतं, माणसाला सांगतं. वीट काही सांगत न्हाई. ती एकदम फुटती. या गाडीचं वजन किती, ठाऊक हाय का?”

“न्हाई बा.”

“साडेसहा क्विंटलच्या आसपास. पन्नास किलोची तेरा पोती! छातीवर घेशील का?”

तरुण गप्प झाला. त्याची आई ओट्यावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, “तात्या म्हणत्यात तसं कर, बाळा. काम आज न्हाई तर उद्या हुईल.”

त्या दिवशी काम थांबले. दुसऱ्या दिवशी तात्यांनी तालुक्याहून दोन लोखंडी स्टँड आणवले, आणि मग काम झाले.

तात्यांनी गाडी कशी टेकवली, ते आता पाहा.

गाडी सपाट, टणक जागी उभी करावी. शेणाने सारवलेले अंगण ओले असेल तर तिथे करू नये. हँडब्रेक ओढावा. गाडी गिअरमध्ये ठेवावी. मागच्या दोन्ही चाकांना उटी लावावी, म्हणजे पुढून आणि मागून दगड किंवा लाकडाचे ठोकळे लावावेत.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. गाडी वर उचलून जोर लावला तर गाडी हलते आणि जॅकवरून घसरते.

जमीन मातीची असेल तर जॅकखाली आणि स्टँडखाली जाड, रुंद फळी घालावी. नाहीतर जॅक मातीत रुततो. गाडी उचलली की बॉडीच्या मजबूत जागेखाली स्टँड लावावा. ती जागा गाडीच्या पुस्तकात चित्राने दाखवलेली असते. मग जॅक हळूच खाली सोडून गाडीचा भार स्टँडवर घ्यावा. गाडीला बाजूने ढकलून पाहावे. हलली तर पुन्हा नीट लावावे.

काढलेले चाक आडवे करून बॉडीच्या कडेखाली सरकवून ठेवावे. यदाकदाचित स्टँड घसरला तर गाडी चाकावर टेकते आणि माणूस वाचतो.

गाडीबरोबर मिळणारा जॅक फक्त टायर बदलण्यासाठी असतो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. क्षणभरही नाही. पाना खाली पडला तर तो घ्यायलाही नाही. आणि एकट्याने हे काम करू नये. हाकेच्या अंतरावर मोठे माणूस असावे. मुलांना आणि जनावरांना दूर ठेवावे.

जुना हात काढताना

नवा हात आणला की तो जुन्याशेजारी धरून पाहावा. डावा आणि उजवा वेगळे असू शकतात. दुकानात आपल्या गाडीचे नाव आणि साल सांगावे. पावती घ्यावी. पावतीवर काय लिहिले आहे, ते तिथेच वाचावे. आता आपल्याला वाचता येते, मग दुसऱ्याच्या डोळ्यांवर का विसंबावे?

एक वही जवळ ठेवावी. कोणता नट कुठला, वायसर कोणत्या बाजूने बसला होता, हे लिहून ठेवावे. बुश आणि वायसर कोणत्या क्रमाने निघाले, याचे साधे चित्र काढावे. बसवताना हीच वही कामाला येते.

गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल टाकावे. ते मुरले की नट सुटायला सोपा जातो. पण तेल रबरावर पडू देऊ नये. तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते. डोळ्यांवर चष्मा लावावा. गाडीखाली डोळे वर करूनच काम करावे लागते आणि माती थेट डोळ्यांत पडते.

आता तीन सांधे एकामागून एक सोडवायचे.

पहिला सांधा बारचा. स्प्लिट पिन सरळ करून ओढून काढावी. मग नट आणि वायसर काढावेत. बार बॉडीला ज्या पट्ट्यांनी बांधला आहे, त्यांचे बोल्ट दोन्ही बाजूंचे थोडे सैल करावेत. म्हणजे बार हलतो आणि हातातून निघायला वाट मिळते.

दुसरा सांधा चाकाकडचा. बॉल जॉइंटची दांडी नकलाच्या भोकात असते. ते भोक एका बाजूने चिरलेले असते आणि आडव्या बोल्टने आवळलेले असते. तो बोल्ट नुसता सैल करून चालत नाही. तो पूर्ण काढावा लागतो. कारण दांडीला खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून गेलेला असतो. बोल्ट काढल्यावर हात खाली दाबावा. दांडी अडली तर चिरेत छिन्नीचे टोक घालून ती किंचित फाकवावी. किंचितच. नकल ओतीव लोखंडाचे असते. फार ठोकले तर ते तडकते.

दांडी सुटली की नकल मोकळे होते. आता ते बाहेर ओढू नये. मारुती ८०० चे इंजिन पुढची चाके फिरवते. त्यासाठी इंजिनाकडून चाकाकडे एक दांडा आलेला असतो. नकल फार बाहेर ओढले तर त्या दांड्याचा आतला सांधा निखळतो. ब्रेकच्या रबरी नळीलाही ताण बसतो. म्हणून नकल दोरीने बांधून जागेवर ठेवावे.

तिसरा सांधा बॉडीकडचा. तिथला बोल्ट काढला की हात मोकळा होतो. बोल्ट निघत नसेल तर हात थोडा वरखाली हलवावा. त्याच्यावरचा ताण गेला की तो निघतो.

नवा हात बसवताना

बसवण्याआधी बोल्टची भोके आणि नकलाचे भोक तारेच्या ब्रशने साफ करावे. आत गंज राहिला तर दांडी पुरी बसत नाही. रबरी बुश बसायला अडत असेल तर साबणाचे पाणी लावावे. तेल किंवा ग्रीस लावू नये.

आधी बॉडीकडचे टोक जागेवर लावावे. बोल्ट घालून नट हातानेच फिरवावा. इतक्यात आवळायचा नाही. मग बारचे टोक हातातून ओवावे. बुश आणि वायसर वहीतल्या चित्राप्रमाणे लावावेत.

मग बॉल जॉइंटची दांडी नकलात घालावी. इथे घाई करू नये. दांडी पूर्ण आत गेली तरच तिची खाच भोकासमोर येते. मग बोल्ट बोटाने ढकलला तरी जातो. बोल्ट जात नसेल तर दांडी अर्धवट आहे, असे समजावे. हातोडीने बोल्ट ठोकून घालू नये. तसा घातलेला बोल्ट दांडीला धरत नाही. वरून सगळे ठीक दिसते आणि एखाद्या दिवशी रस्त्यावर सांधा निखळतो. बोल्ट नीट गेला की तो आवळून टाकावा.

बारचा नट आवळून त्यात नवी स्प्लिट पिन घालावी. जुनी पिन पुन्हा वापरू नये. एकदा वाकवून सरळ केलेली तार दुसऱ्यांदा वाकवली की तुटते. पिन नवी घ्यायला पैसे फार पडत नाहीत. ती नसली तर मात्र फार महागात पडते. बारच्या पट्ट्यांचे बोल्टही विसरू नयेत.

शेवटचा बोल्ट कधी आवळावा?

आता पाठातली सर्वांत नाजूक गोष्ट आली. पुष्कळ लोक इथेच चुकतात आणि मग म्हणतात, “नवा हात सहा महिन्यांत गेला, माल खोटा होता.”

बॉडीकडचा बोल्ट गाडी वर टांगलेली असताना आवळू नये. का, ते पाहा.

बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्या आणि त्यांच्यामध्ये चिकटवलेले रबर. बोल्ट आवळला की आतली नळी बॉडीला घट्ट बसते. ती मग हलत नाही. बाहेरची नळी हाताबरोबर हलते. म्हणजे चाक वरखाली झाले की मधले रबर थोडे पिळले जाते आणि पुन्हा सुटते.

गाडी टांगलेली असते तेव्हा चाकाकडचे टोक खाली लोंबते. त्याच स्थितीत बोल्ट आवळला तर रबराला वाटते, हीच आपली सरळ बसण्याची जागा. मग गाडी खाली सोडली की हात वर येतो आणि रबराला पीळ बसतो. तो पीळ कायमचा राहतो. गाडी उभी असली तरी रबर पिळलेलेच. मान वाकडी करून झोपलेला माणूस सकाळी उठतो तेव्हा त्याची मान धरते. इथे रबराने दिवसरात्र मान वाकडी ठेवायची. मग ते लवकर फाटणार नाही तर काय?

म्हणून चाक लावावे, गाडी जमिनीवर सोडावी, गाडी पुढून दोन-तीनदा दाबून हलवावी, आणि मग बॉडीकडचा बोल्ट शेवटचा आवळावा. पाना आत जायला जागा पुरत नसेल तर चारही चाकांखाली रुंद, जाड फळ्या घालाव्यात. गाडी आपल्या चारही चाकांवर उभी पाहिजे, एवढी गोष्ट सांभाळावी. पुन्हा मागेपुढे उटी लावायला विसरू नये.

किती आवळावे?

“हाताला जोर लागेल तितके आवळावे,” असे काही लोक सांगतात. पण प्रत्येकाच्या हाताचा जोर सारखा नसतो. कमी आवळला तर बोल्ट सुटतो. जास्त आवळला तर बोल्टचे आटे जातात, किंवा तो आतून ताणला जाऊन पुढे तुटतो.

यासाठी माप आहे. त्याला ‘न्यूटन मीटर’ म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. १ मीटर लांबीचा पाना नटाला आडवा लावला आणि त्याच्या टोकाला १० किलोचे वजन टांगले, तर सुमारे १०० न्यूटन मीटर जोर लागतो. पाना अर्धा मीटर असेल आणि वजन तेच असेल, तर जोर निम्मा, म्हणजे सुमारे ५० लागतो. म्हणून लांब पान्याने नट सोडवायला सोपा जातो. आणि लांब पान्यानेच तो नकळत जास्त आवळलाही जातो.

कोणता बोल्ट किती आवळायचा, हे त्या त्या गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात लिहिलेले असते. ते माप दाखवणारा पाना मिळतो. त्याला ‘टॉर्क रेंच’ म्हणतात. चौघांनी मिळून एक घेतला तरी चालतो. गावात नांगर आणि फवारणीचे पंप मागून वापरतात, तसाच हा.

काम झाल्यावर

चाकाचे नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळावेत. एका कडेने ओळीने आवळू नयेत. मग सगळी हत्यारे मोजून घ्यावीत. एखादा पाना इंजिनाखाली राहिला तर तो पुढे घात करतो.

पहिल्यांदा गाडी सावकाश, रिकाम्या रस्त्यावर चालवावी. ब्रेक दाबून पाहावा. आवाज ऐकावा. पन्नासेक किलोमीटर झाले की सगळे नट-बोल्ट पुन्हा तपासावेत.

आणि एक काम घरी होत नाही. ते म्हणजे चाकांचे ‘अलाइनमेंट’. नवा हात बसला की चाके एकमेकांशी किंचित वाकडी होऊ शकतात. जुवाला जुंपलेले दोन बैल एकमेकांपासून फाकून चालू लागले तर काय होते? बैलही दमतात आणि गाडीही ओढत नाही. चाकांचे तसेच होते. टायर काही महिन्यांत खाऊन टाकले जातात. म्हणून तालुक्याला जाऊन यंत्रावर अलाइनमेंट करून घ्यावे. घरी काम करून वाचवलेले पैसे टायरात घालवू नयेत.

वहीत तारीख लिहावी. गाडी किती किलोमीटर चालली होती, ते लिहावे. कोणत्या बाजूचा हात बदलला, ते लिहावे. पावती त्याच वहीत ठेवावी. पुढे आवाज आला तर ही वही तुम्हांला आणि फिटरलाही उपयोगी पडेल. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे ती चालू ठेवायची तर आर.टी.ओ.ची तपासणी होते. त्या वेळी आपल्या गाडीचे कोणते काम कधी झाले, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

ध्यानात ठेवा

१. स्प्रिंग हातावर बसली असेल तर घरी काम करू नका.

२. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका. विटांवरच्या गाडीखालीही जाऊ नका.

३. बॉल जॉइंटचा बोल्ट सहज गेला पाहिजे. ठोकून घालू नका.

४. स्प्लिट पिन दर वेळी नवी घाला.

५. बॉडीकडचा बोल्ट गाडी चाकांवर उभी करून आवळा.

६. शेवटी अलाइनमेंट करून घ्या.

या सहा गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर आपल्या हाताने लिहून ठेवा. गाडीत आपण एकटे बसत नाही. मागे लेकरे असतात, म्हातारी माणसे असतात. समोरून सायकलवाला येतो, कडेने शाळेची मुले चालतात. या सगळ्यांचा जीव त्या गाडीखालच्या हातावर टांगलेला असतो. तो हात मजबूत ठेवणे हे गाडीच्या मालकाचे काम आहे.